दृष्टमणी व दृष्टिरक्षक ताईत

दृष्टमणी व दृष्टिरक्षक ताईत : एखाद्याच्या मत्सरी, कौतुकभरल्या वा अशुभ नजरेमुळे मूल, वधूवर, दुभते जनावर, पीक, घर वा व्यवसाय यांना अपाय होतो, या समजुतीस मराठीत ‘दृष्ट लागणे’ वा ‘नजर लागणे’ असे म्हणतात. हा अपाय टाळण्यासाठी अंगावर वा वास्तूवर धारण करावयाच्या मणी, पेटी, दोरा, नख, बी, बाहुली इ. वस्तूंना दृष्टिरक्षक ताईत ही सर्वसाधारण संज्ञा लावता येते. त्यांपैकी डोळ्याच्या आकाराचा वा काळापांढरा मणी तो दृष्टमणी होय. अपाय होऊ नये म्हणून वापरावयाच्या या वस्तू आणि अपाय झाल्यानंतर तो दूर करण्यासाठी केला जाणारा ‘दृष्ट काढण्या’चा विधी यांत भेद करणे आवश्यक आहे. व्यवहारात मात्र ही दोन्ही अंगे एकमेकांना पूरक असतात. तुर्कस्तानातील निळ्या काचेच्या मण्यामुळे या प्रकारच्या ताईतांस अलीकडे जागतिक प्रसिद्धी लाभली असली, तरी महाराष्ट्रात त्यांची स्वतंत्र व प्राचीन परंपरा आहे. मुंबईच्या गिरगावातील खोताची वाडी व तिचा परिसर येथे हिंदू, ख्रिस्ती आदी भिन्न धर्मीयांच्या रूढी एकमेकींच्या शेजारी नांदत आल्याने या विषयाच्या अभ्यासास तो भाग विशेष उपयुक्त ठरतो.

संज्ञा व व्युत्पत्ती : ‘दृष्ट’ हा शब्द संस्कृत ‘दृष्टि’वरून आला आहे. ‘नजर’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘पाहणे’ असा आहे. फार्सीच्या द्वारे तो मराठीत, तसेच तुर्की भाषेत गेला. त्यामुळे तुर्की मण्याच्या नावातील पहिला शब्द मराठी वाचकास ओळखीचा वाटतो. दुसऱ्या शब्दाचा, म्हणजे ‘बोंजुक’चा, अर्थ मणी असा आहे. ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तावीझ’वरून आला असून त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘आश्रय मागणे’ असा आहे. या वस्तूंशी निगडित असलेल्या कल्पना मराठी वाक्प्रचारांत खोलवर रुजल्या आहेत. अतिशय प्रिय व्यक्तीस ‘गळ्यातील ताईत’ म्हणतात. चांगल्या कार्यात निघालेल्या लहानशा वैगुण्यास ‘गालबोट लागणे’ असे म्हणतात. ओंगळ वा हास्यास्पद दिसणाऱ्या माणसास ‘बजरबट्टू’ म्हणण्याचा प्रघातही दृष्टमण्याच्या नावावरूनच पडला आहे.

प्राचीन उल्लेख : भारतात या समजुतीचे उल्लेख वैदिक वाङ्‌मयाइतके जुने आहेत. ऋग्वेदातील विवाहसूक्तात (१०·८५) नववधूची नजर घोर नसावी, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. अथर्ववेदात निरनिराळ्या वनस्पतींपासून केलेल्या ‘मणी’ नामक ताईतांविषयी अनेक सूक्ते आहेत. त्यांपैकी जंगिड मण्यास दुष्टहृदयी माणसाच्या घोर नजरेपासून रक्षण करण्याची प्रार्थना केलेली आढळते. त्याच वेदाच्या चौथ्या कांडातील अंजनविषयक सूक्तात अशीच प्रार्थना डोळ्यांत घालावयाच्या अंजनास उद्देशून आहे. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालून गालावर वा कपाळाच्या कडेला तीट लावण्याची महाराष्ट्रीय चाल आणि हे सूक्त यांत दीर्घ कालाचे अंतर आहे. परंतु अंजन हे नजरेपासून वाचविते, ही कल्पना दोन्हींत समान आहे. अभिज्ञानशाकुंतलात बालक सर्वदमनाच्या मनगटावर मारीच ऋषींनी बांधलेल्या अपराजिता वनौषधीच्या रक्षाकरंडकाचा प्रसंग आहे. बाणभट्टाच्या हर्षचरितात बाल हर्षाच्या गळ्यात सोन्यात मढविलेल्या वाघनखांची माळ असल्याचे वर्णन आहे. मुलांच्या गळ्यात वाघनख बांधण्याची चाल महाराष्ट्रात विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

पश्चिम आशिया व भूमध्य सागराचा प्रदेश येथेही ही समजूत प्राचीन आहे. सुमेरियन मंत्रांत दुष्ट डोळ्याचा उल्लेख येतो. प्राचीन ईजिप्तमध्ये होरस देवतेचा नेत्र हे रक्षक चिन्ह मानले जाई. रोमन मुलांच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाची ताईताची पेटी असे. प्लिनी या रोमन लेखकाने नजरेने इतरांस बाधा करणाऱ्या लोकांची नोंद केली आहे, तर प्लूटार्कच्या एका संवादात दृष्ट कशी लागते, याची तात्त्विक चर्चा आढळते. डोळ्यांतून काही सूक्ष्म द्रव्य बाहेर पडते व ते पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवर जाऊन आदळते, असे तीत प्रतिपादन आहे. भारतीय न्यायदर्शनातही चक्षुरिंद्रिय तेजोमय असून त्याचे किरण विषयापर्यंत जातात, असे मानले आहे. अशा उपपत्ती प्रचलित असताना नजरेने इजा होते ही समजूत तर्कविसंगत वाटण्याचे कारण नव्हते. डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत, तर वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो, हे इब्न अल्‌-हैथम (सु. ९६५–सु. १०४०) याने आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात साधार मांडले. त्यानंतर या समजुतीचा भौतिक आधार नाहीसा झाला. परंतु समजूत मात्र टिकून राहिली. ती प्रकाशशास्त्रावर नव्हे, तर भीतीवर उभी होती, हे यावरून दिसून येते.

सिरियातील टेल ब्राक येथे १९३७-३८ च्या सुमारास झालेल्या उत्खननात मोठमोठे डोळे असलेल्या अलॅबॅस्टरच्या लहान मूर्ती विपुल प्रमाणात सापडल्या. त्यांचा काळ इ. स. पू. चौथ्या सहस्रकातील मानला जातो. हे आद्य दृष्टमणी होत, असे पुष्कळदा सांगितले जाते. तथापि त्या मंदिरात वाहिलेल्या अर्पणवस्तू असाव्यात, असे मत अधिक ग्राह्य आहे. डोळ्याची आकृती असलेली प्रत्येक वस्तू दृष्टिरक्षक असतेच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

तुर्की मणी : हा मणी गडद निळ्या काचेचा असून त्यावर पांढरी, फिकट निळी व काळी अशी एकात एक वर्तुळे असतात. काचेस निळा रंग कोबाल्टच्या संयुगामुळे येतो. इझमीर शहराजवळील ग्योरेजे व नझरकॉय (पूर्वीचे कुरुदेरे) या गावांत तो पारंपरिक भट्ट्यांवर हाताने केला जातो. भट्टीत चिडाच्या जातीचे लाकूड जाळून काच वितळवितात. कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन त्यास आकार देतो आणि दुसऱ्या सळईने त्यावर रंगीत काचेचे थेंब एकावर एक ठेवतो. मणी हळूहळू निववावा लागतो, अन्यथा त्यास तडा जातो. तुर्कस्तानात तो अर्भकाच्या खांद्यावर टाचणीने अडकवितात. घराच्या दारावर, वाहनात व जनावरांच्या गळ्यातही बांधतात. मणी आपोआप फुटला, तर त्याने एखादी नजर स्वतःवर घेतली, असे समजून त्याच्या जागी दुसरा बांधतात. त्या प्रदेशात निळे डोळे विरळा असल्याने अशा डोळ्यांच्या परक्या माणसाची भीती वाटे. म्हणून त्याच रंगाचा डोळा प्रतिकारासाठी योजला गेला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. समानाने समानाचे निवारण करावे, हे जादूचे तत्त्व त्यामागे आहे [→ जादूटोणा]. २०१८ साली संगणकीय लिपिचिन्हांच्या युनिकोड या संचात या मण्याच्या आकृतीचा समावेश झाला. मुंबईच्या बाजारांतही तो किल्ल्यांची साखळी, ब्रेसलेट वा मोटारीतील लोंबते शोभाचिन्ह या रूपांत विकला जातो.

महाराष्ट्रातील प्रकार : महाराष्ट्रातील दृष्टिरक्षक वस्तूंचे द्रव्यानुसार व उपयोगानुसार पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

(१) मणी व बिया : तान्ह्या मुलाच्या मनगटांत काळ्या व पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या आणि कमरेस काळा करगोटा बांधतात. बजरबट्टू ही ताडाच्या कुळातील श्रीताल (कॉरिफा अंब्राक्युलिफेरा) या वृक्षाची कठीण, गोल बी होय. हा वृक्ष आयुष्यात एकदाच, कित्येक वर्षांनी फुलतो व फळे धरल्यानंतर मरतो. त्याच्या बियांना भोके पाडून त्यांचे मणी करीत आणि ते मुलांच्या गळ्यात घालीत. गुजरातमधील खंबायत येथे घडविलेल्या अकीक दगडाच्या मण्यांत एकाआड एक काळे-पांढरे पट्टे असलेला ‘सुलेमानी’ मणी रक्षक मानला जातो. हे मणी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून अरबी प्रदेशात व आफ्रिकेत जात. मंगळसूत्रातील काळे मणीही पतिपत्नींस दृष्टीपासून वाचवितात, अशी लोकसमजूत आहे.

(२) वनस्पती व प्राणिज द्रव्ये : वेखंडाचा तुकडा, बिब्बा, लिंबू, मिरच्या, कोहळा, तसेच वाघनख, हस्तिदंताचा तुकडा इत्यादींचा यांत समावेश होतो. वाघनखाच्या ठायी वाघाचे शौर्य असून ते बाळास लाभते, अशी यामागील कल्पना होती. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमान्वये वाघाची नखे बाळगणे व त्यांचा व्यापार करणे गुन्हा ठरल्याने ही चाल मागे पडली. त्या जागी सोन्याचांदीचे वा प्लॅस्टिकचे कृत्रिम वाघनख आले.

(३) लिखित ताईत : तांब्याच्या वा चांदीच्या पेटीत मंत्र, यंत्र वा धर्मग्रंथातील वचन लिहिलेला कागद, भूर्जपत्र वा अंगारा घालून ती पेटी गळ्यात वा दंडावर बांधतात. मुसलमानांत कुराणातील अखेरच्या दोन सूरा व आयतुल्‌ कुर्सी यांचा त्यासाठी उपयोग होतो. त्यांपैकी ११३ व्या सूरेत मत्सरी माणसाच्या मत्सरापासून आश्रय मागितला आहे. नुसत्या दोऱ्यास मंत्र म्हणून गाठी मारल्या, म्हणजे त्यास गंडा म्हणतात.

(४) व्यंग निर्माण करणाऱ्या खुणा : तीट वा गालबोट हा याचा ठळक नमुना होय. सुंदर वस्तूत मुद्दाम एक उणे ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याची नजर त्या उण्यावर स्थिरावते व मूळ वस्तू वाचते, असा त्यामागील विचार आहे. नव्या इमारतीवर टांगलेली काळी बाहुली, शेतातील काळे फासलेले मडके व मालमोटारीच्या मागे लोंबणारे जुने पायताण यांतही हेच तत्त्व दिसते. पूर्वी मुले जगत नसलेल्या घरात नव्या बालकास धोंडू, दगडू, केरू यांसारखे नाव ठेवीत. ते नावही एका अर्थी ताईतच होते. कारण अशा हलक्या नावाच्या मुलाचा कोणास हेवा वाटणार नाही, अशी अपेक्षा असे.

(५) वास्तुरक्षक वस्तू : उंबरठ्यावर ठोकलेला घोड्याचा नाल, दारावर टांगलेला कोहळा व शनिवारी बदलली जाणारी लिंबू-मिरची हे प्रकार सर्वत्र आढळतात. लिंबू-मिरचीत साधारणतः एक लिंबू व सात मिरच्या दोऱ्यात ओवतात. कधी बिब्बा व कोळसाही ओवतात. आंबट व तिखट यांची आवड असलेली अलक्ष्मी दारातच तृप्त होऊन परत जाते, असे तिचे स्पष्टीकरण देतात.

दृष्ट काढणे : हा विधी बहुधा तिन्हीसांजेस घरातील वडीलधारी स्त्री करते. मीठ, मोहऱ्या व सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ती मुलावरून ओवाळते आणि आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची अशा सर्वांच्या नजरेचा उच्चार करून ते पदार्थ निखाऱ्यावर टाकते. मिरच्यांचा ठसका आला नाही, तर दृष्ट जबर होती, असे समजतात. शेवटी ती मुलाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडते व त्याची ‘अलाबला’ आपल्यावर घेते. कडुलिंबाचा पाला व मीठ ओवाळण्याच्या जुन्या प्रकारास लिंबलोण म्हणत. बाळंतीण बाळास घेऊन घरी आली वा नवी सून उंबरठ्यावर आली, म्हणजे तिच्यावरून भाकरतुकडा व पाणी ओवाळून टाकतात. लग्नात वराच्या हाती कट्यार देऊन तिच्या टोकास लिंबू खोचतात. मराठी संतांच्या बाळकृष्णविषयक रचनांतही यशोदा कृष्णाची दृष्ट काढताना दिसते. विश्वाचे रक्षण करणाऱ्यासही आईच्या लेखी रक्षणाची गरज असतेच.

मुंबई व खोताची वाडी : गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्गालगत असलेली ही वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर उभी राहिली. त्यांनी येथील भूखंड स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या, पण मराठी बोली, पोशाख व अनेक जुन्या चालीरीती टिकविलेल्या या समाजाने पुढे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. मुंबईत १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांची संघटना स्थापन झाली. वाडीतील घरांवर पोर्तुगीज वास्तुशैलीची छाप असून पुढे ओटा, बाहेरून चढणारा लाकडी जिना, लाकडी सज्जे व उतरती कौलारू छपरे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. एके काळी अशी ६५ घरे तेथे होती, असे सांगतात. त्यांची संख्या पुढे घटत जाऊन तीसच्याही खाली आली.

वाडीच्या भोवती गिरगावातील मराठी हिंदूंच्या चाळी दाटीने उभ्या राहिल्या. एकाच गल्लीत एका दारावर कोहळा वा लिंबू-मिरची, तर दुसऱ्या दारावर क्रूस, अशी दृश्ये त्यामुळे येथे स्वाभाविक झाली. ख्रिस्ती घरांत ‘झावळ्यांच्या रविवारी’ मंत्रवून मिळालेल्या माडाच्या पातीचा क्रूस करून तो दारामागे वा वेदीजवळ ठेवतात. मुलांच्या गळ्यात मरियेचे वा संतांचे पदक घालतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही चिन्हे ताईत नव्हेत. ती प्रार्थनेची आठवण करून देणारी पवित्र साधने असून त्यांच्या द्रव्यात कोणतीही शक्ती वसत नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात ताईत धारण करणे निंद्य ठरविले आहे. तथापि लोकाचारात ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात दृष्टीस ‘दिश्ट’ म्हणतात व ती मीठ-मिरच्यांनी काढताना ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात. विधीचे द्रव्य पूर्वीचे व शब्द नव्या धर्माचे, असा हा संयोग आहे. गोमंतकीय कुटुंबे मोठ्या संख्येने गिरगाव व धोबीतलाव भागांत स्थायिक झाल्याने ही चालही मुंबईत आली. पोर्तुगालमध्येही ‘माऊ ओल्यादु’ या नावाने दृष्टीची समजूत होती व तिच्या निवारणार्थ दोन बोटांमधून अंगठा बाहेर काढलेल्या मुठीचा ‘फिगा’ नावाचा ताईत वापरीत. त्यामुळे दृष्टीच्या बाबतीत राज्यकर्ते व प्रजा यांना एकमेकांचे म्हणणे समजावून सांगावे लागले नसेल.

ईस्ट इंडियन स्त्रिया विवाहानंतर काळ्या मण्यांची पोत घालतात. ती शेजारच्या हिंदू स्त्रियांच्या मंगळसूत्राशी नाते सांगते. धर्म बदलल्यावर देवालय, नाव व प्रार्थना बदलली. परंतु गळ्यातील काळा मणी राहिला. बाळ व नववधू यांच्या रक्षणाच्या रूढी स्त्रियांच्या हाती असल्याने त्या धर्मांतराच्या काळातही सर्वांत चिवट ठरल्या, असे अनुमान यावरून काढता येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हियेगश यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील काही वर्षे या रोगाने मुंबई शहर व्यापून टाकले. त्या काळात शहरातील ख्रिस्ती वस्त्यांत रक्षणासाठी क्रूस उभारण्यात आले. हिंदू वस्त्यांत देवीची शांती, नवस व गंडेदोरे यांस ऊत आला. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताईत व लस ही दोन्ही रोग होण्यापूर्वी घ्यावयाची संरक्षणे होत. त्यांतील फरक असा, की लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची मोजदाद करून तिचा गुण पडताळून पाहता येत होता. ताईताची अशी मोजदाद कोणी मागितली नव्हती.

संशोधन : या विषयाच्या पद्धतशीर नोंदी करण्याचे पुष्कळसे काम मुंबईतच झाले. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी लोकसमजुतींच्या मुळाशी असलेल्या भूतपिशाचविषयक कल्पनांवर विस्तृत लेखन केले. १८८६ साली मुंबईत मानवशास्त्रीय संस्था स्थापन झाली. जीवनजी जमशेदजी मोदी (१८५४–१९३३) या पारशी विद्वानांनी तिच्यापुढे ताईत व मंत्र यांवर निबंध वाचले. नासिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसाहित्याची माहिती गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर आर. ई. एंथोव्हेन यांनी ती संपादून तिचा कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध केला. त्यांचा मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यावरील ग्रंथ १९२४ साली प्रकाशित झाला. या नोंदी मोलाच्या असल्या, तरी त्या प्रायः पुरुष शिक्षकांनी लिहून पाठविल्या होत्या आणि दृष्ट काढणाऱ्या स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे त्यांत क्वचितच उमटले आहे, ही त्यांची मर्यादा होय.

उपपत्ती : जॉन रॉबर्ट्‌स या मानवशास्त्रज्ञाने १९७६ साली जगातील १८६ समाजांची तुलना केली, तेव्हा त्यांपैकी सु. ३६ टक्के समाजांत दृष्टीची समजूत आढळली. ती सार्वत्रिक नसून भूमध्य सागराचा परिसर, पश्चिम आशिया व दक्षिण आशिया यांत विशेषेकरून केंद्रित आहे. जॉर्ज फॉस्टर यांनी १९६५ साली मांडलेल्या मतानुसार, कृषिप्रधान समाजांत सुबत्तेचा एकूण साठा मर्यादित मानला जातो आणि एकाची भरभराट म्हणजे दुसऱ्याची हानी, अशी भावना तेथे असते. त्यामुळे सुदैवी माणसास शेजाऱ्याच्या मत्सराची धास्ती वाटते. ॲलन डंडस यांनी १९८१ मध्ये, ओलावा म्हणजे जीवन व शुष्कता म्हणजे मृत्यू या द्वंद्वावर ही समजूत आधारलेली असल्याचे प्रतिपादन केले. दृष्टीमुळे आईचे वा गाईचे दूध आटते, झाड वाळते, या महाराष्ट्रीय समजुती या उपपत्तीशी जुळतात.

या उपपत्तींना एका साध्या वस्तुस्थितीची जोड द्यावयास हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मुंबईसारख्या शहरात जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत असे. देवी, अतिसार, धनुर्वात, ताप यांची कारणे आईस ठाऊक नसत व उपायही तिच्या हाती नसत. काल हसणारे मूल आज मलूल का झाले, या प्रश्नाचे ‘दृष्ट लागली’ हे उत्तर निदान सुबोध होते आणि त्यावर करावयाचे काही तरी कर्म त्यात सांगितलेले होते. तान्ह्या मुलांचे संध्याकाळचे अखंड रडणे बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. तोवर दृष्ट अनेकदा काढून झालेली असल्याने यशाचे श्रेय विधीस मिळते. मूल बरे झाले तर ताईत गुणकारी ठरतो व न झाले तर दृष्ट अधिक प्रबळ ठरते. दोन्ही पक्षी समजूत अबाधित राहते.

सामाजिक परिणाम : तीट वा मनगटी हे स्वतः निरुपद्रवी अलंकार होत आणि त्यांमागे वात्सल्य असते. तथापि या समजुतीची दुसरी बाजू उपेक्षणीय नाही. जेथे दृष्ट आहे तेथे ती लावणारा कोणी तरी असावाच लागतो. हा संशय प्रायः निपुत्रिक स्त्री, विधवा, परकी वा व्यंग असलेली व्यक्ती यांच्यावर येतो. बारशाच्या वेळी बाळास दृष्टीआड करणे, पदर ओढून घेणे वा आमंत्रणच न देणे, अशा मूक कृतींतून कित्येक स्त्रियांना आयुष्यभर दूर ठेवण्यात आले. मूल गमावलेल्या स्त्रीला दुसऱ्याचे मूल जवळ घेण्याचीही चोरी झाली. ताईत हा मुलाचे रक्षण करीत असो वा नसो, त्या स्त्रीवर मात्र तो आरोपपत्रासारखा लटकत असे.

दुसरा धोका आरोग्याचा आहे. निखाऱ्यावर टाकलेल्या मिरच्यांचा धूर अर्भकाच्या श्वसनमार्गास त्रासदायक असतो. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ मुख्यतः काजळी असते. परंतु काही बाजारी सुरम्यांत शिशाचे संयुग आढळले असून शिसे मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. सर्वांत गंभीर धोका म्हणजे, तापाने वा अतिसाराने फणफणलेल्या मुलास वैद्यकीय मदत मिळण्यात होणारा विलंब होय.

कायद्याने या प्रश्नाची दखल दोन प्रकारे घेतली आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियमात ताईत, मंत्र व कवच यांचा अंतर्भाव ‘चमत्कारी उपाय’ या व्याख्येत केलेला असून त्यांनी रोग बरे होतात, अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील अग्रणी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी गंडेदोरे, मंत्रतंत्र करणे, तसेच एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे, ही कृत्ये त्यात शिक्षापात्र ठरविली आहेत. अपराध्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. आईने मुलास तीट लावणे वा घरात दृष्ट काढणे हा या अधिनियमाचा विषय नाही. इतरांच्या भीतीचा धंदा करणे व निरपराधावर आळ घेणे, हा त्याचा विषय आहे.

सद्यःस्थिती : लसीकरण, प्रसूतीच्या सोयी व शुद्ध पाणी यांमुळे बालमृत्यूंचे प्रमाण उतरले. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात ते दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होते. ज्या भीतीतून दृष्टमणी जन्मास आला, ती अशा रीतीने पुष्कळशी ओसरली आहे; पण मणी नाहीसा झाला नाही. तो दागिना, भेटवस्तू व आजीची आठवण या रूपांत टिकून आहे. भुलेश्वर, गिरगाव व दादर येथील बाजारांत काळ्यापांढऱ्या मनगट्यांच्या शेजारीच निळा तुर्की मणी मांडलेला आढळतो आणि घेणाऱ्यास त्यांत विसंगती वाटत नाही. खोताच्या वाडीसारख्या वसाहतींत मात्र जुनी घरे पाडून उंच इमारती उभ्या राहू लागल्याने, ज्या दारांवर ही चिन्हे पिढ्यान्‌पिढ्या लावली जात होती, ती दारेच नष्ट होत आहेत. घर पाडताना जुन्या चौकटीवरील नाल, क्रूस वा दाराच्या वर कोरलेली आकृती भंगारात जाते व तिच्याबरोबर ती कोणी, केव्हा व कशाच्या भीतीने लावली, ही माहितीही लोपते. वस्तुसंग्रहालयांत दागिने व शस्त्रे यांना मिळते तसे स्थान या क्षुद्र वस्तूंस क्वचितच मिळते. वस्तुतः सामान्य माणसास, विशेषतः आईस, कोणकोणत्या गोष्टींचे भय वाटत आले, याचा इतका बोलका पुरावा अन्यत्र सापडणे कठीण आहे. दृष्टमण्यात शक्ती नाही, हे मान्य करूनही त्याच्या नोंदी व जतन करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.